डाव्या चाकाचा आवाज

“काय बी वाजत न्हाई, वैनी,” बसूअण्णा म्हणाले आणि खिडकीबाहेर काढलेलं डोकं त्यांनी आत घेतलं.

मी गाडी कडेला थांबवली. आजऱ्याच्या बाहेर आंबोलीकडे जाणारा रस्ता एके ठिकाणी जरासा उतरतो. त्या उतारावर मी मुद्दाम दोन-तीनदा ब्रेक लावून दाखवला होता. दाबून नव्हे, नुसता पाय टेकवून. प्रत्येक वेळी मला तो आवाज ऐकू आला होता. पत्र्यावरून सुई ओढत न्यावी तसा, बारीक, लांबट, दातांत शिरणारा.

“आत्ता शेवटी आला होता की,” मी म्हणाले. “पाय टेकला तेव्हा. डाव्या चाकातून.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत चीड नव्हती. उलट काळजी होती, आणि तीच मला नको होती.

“चला गॅरेजवर. चाक काढून बघू. तुमचं समाधान हुईल.”

बसाप्पा तोडकरांचं गॅरेज म्हणजे चिंचेच्या झाडाखालची एक पत्र्याची शेड. त्यांनी जॅक लावला, डावं पुढचं चाक उतरवलं आणि मला जवळ बोलावलं. आत एक चकचकीत लोखंडी चकती होती. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखं धरणारे दोन जाड तुकडे असतात, त्यांना पॅड म्हणतात, ते घासून पातळ झाले की बदलावे लागतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. अण्णांनी बाहेरच्या बाजूच्या पॅडवर बोट ठेवलं.

“हे बगा. अजून केवढं जाड हाय. वर्षभर बघायला नको.” त्यांनी फडक्यानं काळी भुकटी पुसली. “धूळ बसली की कधीकधी चिरकतंय. सकाळच्या दवानं बी चिरकतंय. त्याला काय भ्यायचं न्हाई. आन् वैनी, ब्रेक डोळ्यानं बघायचा नसतोय, कानानं बघायचा असतोय. तीस वर्षं हेच केलंय.”

“मग माझ्या कानांना—”

“दिगंबररावांची गाडी हाय ती. तिच्यात काय खोट आसती तर मी सोडली आसती व्हय?”

चाक परत बसल्यावर मी गाडी घरी नेली.

दिगंबर, म्हणजे माझे यजमान, जाऊन तेव्हा दुसरं वर्ष चाललं होतं. ते आणि बसूअण्णा शाळेपासूनचे सोबती. दिगंबर गेले तेव्हा खांदा द्यायला पुढे झाले ते अण्णाच. गाडी दिगंबरांनी हौसेनं घेतली होती. मला चालवायला त्यांनीच शिकवलं, पण ते होते तोवर माझी जागा डावीकडची. ते गेल्यावर अमेयनं, माझ्या मुलानं, बंगळुरूहून सांगितलं, “विकून टाक ती, आई. कशाला ब्याद?” मी विकली नाही. वाचनालयातून मी निवृत्त झाले होते. घाटाखाली दाणोलीला माझी थोरली बहीण राहायची. तिचे गुडघे कामातून गेलेले, ती वर येऊ शकत नव्हती. म्हणून दर शनिवारी मीच आंबोलीचा घाट उतरून तिच्याकडे जायची. दुपारी तिच्या हातचं जेवायचं, चार गोष्टी बोलायच्या, ऊन कलायच्या आत घाट चढून परत.

आठवड्यातला तेवढा एक दिवस मी माणसांत असायची. बाकीचे दिवस कसे जायचे ते सांगण्यासारखं नाही. भाजीवालीला मी उगाच दोन प्रश्न जास्त विचारायची. एकदा चुकीचा नंबर लागलेल्या कुठल्याशा माणसाशी मी त्याच्या गावच्या पावसाबद्दल बोलत बसले होते. फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली.

दिगंबर गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मला आवाज ऐकू यायचे. फाटक वाजल्याचा. पडवीत कुणी खाकरल्याचा. मी उठून बघायला जायची आणि तिथं कुणी नसायचं. हे मी अमेयला सांगितलं होतं, आणि सांगायला नको होतं. कारण नंतर मी गाडीच्या आवाजाबद्दल बोलले, तेव्हा फोनवर त्याला तेच आठवलं असणार.

“अण्णाकाकांनी बघितली ना गाडी?” त्यानं विचारलं.

“बघितली. त्यांना काही वाजलेलं ऐकू आलं नाही.”

“शेजारी बसून?”

“शेजारी बसून.”

“आई, तुला झोप नीट लागते का? तू इकडे ये थोडे दिवस. एकटीनं राहून राहून असं होतं माणसाला.”

तो मनापासून बोलत होता. माझा मुलगा चांगला आहे. पण त्या दिवशी फोन ठेवला आणि मला वाटलं, आता माझ्या कानांवर माझाही हक्क उरला नाही.

गाडीत माझ्या शेजारी बसणारं आणखी कुणी असतं तर प्रश्न तेव्हाच मिटला असता. पण मी नेहमी एकटीच असायची. त्या आवाजाला मी सोडून दुसरा साक्षीदार नव्हता. गडहिंग्लजला मोठी गॅरेजं होती, तिथं न्यावी असं मनात यायचं. पण गाव एवढंसं. अण्णांना वगळून गाडी दुसरीकडे नेली हे त्यांच्या कानावर गेलं असतं. दिगंबरांच्या मित्राला एवढं दुखवायला माझं मन घेईना. आणि खरं सांगायचं तर, माझाच माझ्यावर विश्वास राहिला नव्हता. ज्या माणसानं आयुष्य गाड्यांत घालवलं त्याला ऐकू येत नाही, ते मला कसं येईल?

पुढच्या दोन-तीन शनिवारांत आणखी काही गोष्टी झाल्या. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढ घेऊ लागली. स्टिअरिंग घट्ट धरावं लागायचं. मी अण्णांकडे गेले. त्यांनी टायरमधली हवा तपासली, डाव्या टायरात थोडी भरली. मग बॉनेट उघडून दाखवलं, तर ब्रेक ऑइलची पातळी खालच्या रेघेशी आली होती. त्यांनी ऑइल घातलं. “उतरतंय थोडंथोडं,” ते म्हणाले. पॅड झिजत गेलं की ते ऑइल खाली उतरतं, ती सुद्धा एक खूणच असते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. अण्णांना ठाऊक होतं. पण त्यांनी बाहेरचं पॅड स्वतःच्या डोळ्यांनी जाड पाहिलं होतं आणि आवाज तर त्यांच्या लेखी नव्हताच. मग ते वेगळा विचार कशाला करतील?

मी गाडी सुरू करून निघाले, थोडी पुढे गेले आणि परत फिरले. अण्णा हात धूत होते. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

“अण्णा, एक ऐकाल? या शनिवारी माझ्याबरोबर घाट उतरून चला.”

“मी?”

“ताईकडे जेवू आणि परत येऊ. घाटात तरी तो आवाज आला नाही, तर पुन्हा कधी मी गाडीचं नाव काढणार नाही. अमेय म्हणतो तसं बंगळुरूला जाईन महिनाभर.”

त्यांनी फडक्याला हात पुसले. बराच वेळ पुसत राहिले.

“येतो,” ते म्हणाले. “घाट बघून मला बी लई वर्षं झाली. पारू आसताना गेलतो एकदा.”

पारू म्हणजे पार्वती, त्यांची बायको. ती दिगंबरांच्या आधी गेली होती. त्यांची लेक निपाणीला दिलेली. अण्णा घरी एकटेच असत.

शनिवारी ते इस्त्रीचा सदरा घालून आले. हत्यारांची पिशवी मागच्या सीटवर ठेवली. दिवाळी होऊन गेली होती, हवा कोरडी होती, गवत पिवळं पडायला लागलं होतं. आंबोलीपर्यंत आम्ही फारसं बोललो नाही. मी एकदा दिगंबरांची कसलीशी आठवण काढली, त्यावर अण्णा नुसते हसले आणि समोर बघत राहिले. मला वाटलं, त्यांना तो विषय नको असेल.

घाट सुरू झाला आणि पहिल्याच वळणावर आवाज आला. पूर्वीपेक्षा मोठा. मी अण्णांकडे पाहिलं. ते दरीतल्या झाडीकडे बघत होते.

“आला?” मी विचारलं.

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. “काय?”

“आवाज.”

“न्हाई अजून.”

म्हणजे अमेयचंच खरं. मी स्टिअरिंग धरून पुढे बघत राहिले. ब्रेकवर पाय टेकला की माझ्या डोक्यात ती सुई ओढली जात होती आणि शेजारी बसलेला जाणता माणूस शांतपणे झाडं बघत होता. मी मनाशी ठरवलं, परत गेल्यावर डॉक्टरांना दाखवायचं. गाडीला नाही, मला.

धबधब्यापाशी रस्ता नेहमीसारखा गजबजलेला होता. पाणी कमी झालं होतं तरी माणसं होती. कणसं भाजणाऱ्या बायका, त्यांच्या शेगड्या, उभ्या केलेल्या गाड्या. मी वेग अगदी कमी केला, ब्रेकवर पाय टेकवून ठेवला आणि माणसांतून हळूहळू गाडी काढू लागले.

पहिल्या शेगडीजवळची बाई दचकून मागे सरली. हातातला पंखा तिनं कानाशी धरला. तिच्या पलीकडे वडिलांच्या कडेवर एक लहान मुलगी होती, तिनं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले आणि तोंड वाकडं केलं. कठड्यावर बसलेल्या दोघा-तिघांनी माना वळवून थेट माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाकडे पाहिलं. एक जण हात हलवून काहीतरी म्हणालासुद्धा, “अहो, ब्रेक दाखवून घ्या.” खिडकी उघडी होती. मला स्पष्ट ऐकू आलं.

मी अण्णांकडे पाहिलं. ते त्या धबधब्याकडे बघत होते. चेहऱ्यावर एवढीशी सुद्धा हालचाल नव्हती.

आणि एकदम मला सगळं कळलं. बोलताना ते नेहमी माणसाच्या तोंडाकडे का बघतात, पाठ वळवून बोललं तर उत्तर का देत नाहीत, मघाशी दिगंबरांच्या आठवणीवर नुसते का हसले. मला काही वेड लागलं नव्हतं. त्या क्षणी मला हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं ते भलतंच. मला अण्णांचंच वाईट वाटलं.

मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात उतार वाढला. मी ब्रेक दाबला. आवाज बदलला. सुई गेली आणि पाट्यावर पाटा घासावा तशी खरखर सुरू झाली. ती पायातून, पत्र्यातून अंगभर आली. ती मात्र अण्णांना जाणवली. ते झटकन ताठ झाले.

“वैनी, गिअर उतरवा.”

मी पुन्हा ब्रेक दाबला. पाय खाली गेला, आणखी खाली गेला, जवळजवळ फळीला टेकला. गाडीचा वेग जेमतेम कमी झाला. पुढे वळण होतं आणि वळणाच्या पलीकडून ट्रकचा हॉर्न आला.

“ब्रेक लागत नाहीये,” मी म्हणाले.

“ब्रेक सोडा, परत दाबा, पंपावानी दाबा. दुसरा गिअर टाका. घाबरू नका. आता पहिला. हॅंडब्रेक मी घेतो.” त्यांनी हॅंडब्रेक एकदम न ओढता हळूहळू वर आणला. इंजिन ओरडत होतं. “डोंगराच्या बाजूला घ्या. चरात घाला चाक. घाला.”

मी गाडी डोंगराकडच्या चरात घातली. एका बाजूनं ती कलली, मातीला घासत थोडी पुढे गेली आणि थांबली. ट्रक बाजूनं वर निघून गेला. ड्रायव्हरनं वळूनही पाहिलं नाही, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. अण्णांनीच किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

बाहेर उतरल्यावर त्यांनी चाकाखाली दगड लावले आणि जॅक काढला. चाक निघालं. या वेळी ते चकतीच्या मागे वाकले, अगदी आतपर्यंत. बराच वेळ वाकून राहिले. मग त्यांनी पॅडना धरणारा चिमटा, म्हणजे कॅलिपर, सोडवला आणि आतल्या बाजूचं पॅड काढून तळहातावर ठेवलं. त्यावर घासायचा मसाला उरलाच नव्हता. नुसतं लोखंड होतं, निळं-काळं पडलेलं. मागे ऑइल पाझरत होतं.

“चिमटा सरकायची पिन अडकलीया,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “सगळा भार आतल्यावर. बाहेरचं तसंच राहिलं आन् आतलं खल्लास. मी बाहेरनंच बघितलं.”

त्यांनी पॅडच्या कडेला असलेली एक वाकलेली पत्र्याची जीभ मला दाखवली. “ही ह्याच्यासाठीच आसती. पॅड पातळ झालं की ही चकतीला लागती आन् शिट्टी घालती. मालकाला सांगायला.” ते थांबले. “ही वाजल्याबिगर राहत न्हाई.”

मी त्यांच्या समोर येऊन खाली बसले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी.

“अण्णा, मघाशी धबधब्यापाशी ती कणीसवाली बाई दचकली. एका लेकरानं कान झाकले. लोकांनी वळून बघितलं.”

“कवा?” त्यांनी विचारलं.

त्यांनी माझा चेहरा वाचला असावा. पॅड हातात घेऊन ते कठड्यावर जाऊन बसले. मीही शेजारी बसले. खालून एक एसटी चढत होती, तिचा आवाज दरीत घुमत होता.

“लई दिस कुकरची शिट्टी ऐकू येत न्हाई मला,” अण्णा म्हणाले. “करपल्याचा वास आला की उठतो. मला वाटलं कुकरच बिघडलाय. पाखरं बी वरडत न्हाईत आता. पैंजण न्हाईत, बांगड्या न्हाईत. मला वाटलं, पारू गेली, तवा घर गप झालं. बाईमाणूस गेल्यावर घर गप हुतंयच की. कान गेलाय असं मनातबी आलं न्हाई, वैनी.”

मग थोड्या वेळानं म्हणाले, “तुमाला भास हुतोय असं वाटलं मला. दिगंबररावांच्या दुःखानं. म्हटलं, बिचाऱ्या.”

“मलाही तसंच वाटलं होतं,” मी म्हणाले.

खाली जाणाऱ्या एसटीनं आम्ही दाणोली गाठली. ताईनं आम्हाला जेवू घातलं. काय झालं ते तिला मी अर्धंच सांगितलं. अण्णा पुढे सावंतवाडीला जाऊन सामान घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटात जाऊन त्यांनी चकती, दोन्ही बाजूंचे पॅड, रबरं, सगळं बदललं, नवं ऑइल भरून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, दुसऱ्या चाकांचंही उघडून आतून-बाहेरून पाहिलं. आजऱ्यात उतरताना त्यांनी विचारलं, “दोन वर्षांत अशा किती गाड्या मी कानानं बघून सोडल्या आसतील?”

सोमवारी गॅरेज उघडलं नाही. मंगळवारीही नाही. चिंचेखाली दोन गाड्या येऊन उभ्या होत्या, त्यांचे मालक वाट बघून निघून गेले. बुधवारी दुपारी मी अण्णांच्या घरी गेले.

बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं जुनं कौलारू घर होतं. दार आतून लावलेलं. मी कडी वाजवली. पुन्हा वाजवली. हाक मारली. बाजूच्या खिडकीतून डोकावलं तर अण्णा पाठमोरे बसलेले दिसले, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होते. मी खिडकीच्या गजावर बांगडी आपटली. ते हलले नाहीत.

समोरच्या घरातून एक बाई केरसुणी घेऊन बाहेर आली. “नका वाजवू,” ती म्हणाली. “दार उघडत न्हाईत ते कुणाला. बायको गेल्यापासनं मानूस तुटलंय. सगळ्यांनी सोडून दिलं आता.”

मी तिला काही न सांगता वळसा घालून परसदारी गेले. केळीच्या शेजारचं मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. ते ढकलून मी अण्णांच्या समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली. दचकले नाहीत. सूप बाजूला ठेवलं, मला पाट दिला आणि चहाचं आधण ठेवलं.

“गॅरेज बंद करतोय,” ते म्हणाले. “आधी सोडलेल्या गाड्या बोलावून घेतो. एकेक चाक उघडून बघतो. मग बंद. बहिऱ्या मिस्त्रीकडं कोण येणार?”

“चाक उघडून बघायला कान कशाला लागतात?” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुम्हाला ऐकू आलं नाही त्याचं काही नाही, अण्णा. आत वाकून बघायचं राहिलं, तेवढंच. त्या दिवशी घाटात तुम्ही वाकलात आणि लगेच दिसलं. आवाजासाठी माणूस शेजारी बसवा. मला बसवा हवं तर. माझ्या कानांना दुसरं काम नाही.”

गुरुवारी त्यांनी शेड उघडली. पुढे लेकीनं त्यांना कोल्हापुराला नेऊन कान तपासले, यंत्र बसवलं. ते यंत्र त्यांना कधी फारसं मानवलं नाही. तरी आणखी कितीतरी वर्षं त्यांनी गॅरेज चालवलं, आणि चाक उतरवून दोन्ही बाजूंचे पॅड हातात घेऊन पाहिल्याशिवाय गाडी सोडली नाही. ब्रेक पाहायची गाडी आली की मला निरोप यायचा आणि मी शेजारी बसून उतारापर्यंत जाऊन यायची. गावात थोडी कुजबुज झाली. अमेयच्या कानावरही गेली. मी त्याला म्हटलं, मला काम लागलंय. आता अण्णा निपाणीला लेकीकडे असतात.

पण हे सगळं नंतरचं. त्या बुधवारी दुपारी त्यांनी माझ्या हातात चहाची कपबशी दिली आणि विचारलं, “वैनी, तुमी परसातनं का आला?”

“पुढून कडी वाजवत होते.”

“लई वेळ?”

“बराच वेळ.”

त्यांनी पुढच्या दाराकडे पाहिलं. आतला अडसर, बंद फळ्या, फटीतून येणारा उजेडाचा एक पट्टा.

“पारू गेल्यावर थोडं दिस लोक येत हुते,” ते म्हणाले. “मग यायचे बंद झाले. मला वाटलं, लोकांचं असंच आसतंय, कोण किती दिस येणार.” ते पुन्हा दाराकडे बघत राहिले. “किती जण कडी वाजवून माघारी गेले आसतील, वैनी?”

मी कपबशी खाली ठेवली.

“एकदा मी आले होते,” मी म्हणाले. “यांच्या वर्षश्राद्धाचं सांगायला. त्या दिवशी गॅरेज बंद होतं, म्हणून घरी आले. खूप वेळ उभी होते.”

“मग?”

“मग परत गेले. वाटलं, तुम्हाला कुणाला भेटायचं नसेल. तुम्ही श्राद्धाला आला नाहीत. मी महिनाभर तुमच्या गॅरेजवरून जायचं टाळलं.”

अण्णांनी मान खाली घातली. “आन् मला वाटलं, मला बोलावलंच न्हाई,” ते म्हणाले. “दिगंबरच्या वर्षश्राद्धाला.”

आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांच्या तोंडून नुसतं ‘दिगंबर’ ऐकलं.

ते उठले. अडसर काढला आणि पुढच्या दाराच्या दोन्ही फळ्या भिंतीला लागेपर्यंत उघडल्या. भर दुपारचं ऊन थेट घरात शिरलं. समोरची बाई केरसुणी हातात धरून बघत उभी राहिली. अण्णांनी आपला पाट उचलून उंबऱ्याशी नेला, गल्लीतून येणारं माणूस समोर दिसेल असा ठेवला, आणि चहाचा कप घेऊन त्यावर बसले.